बैलाआडून पाखरू

वखर चालू असला की पाखरं बैलाच्या खुराजवळ उतरतात. गायबगळे तर बैलाच्या पायात पायात येतात. साळुंक्या पासेमागच्या उकरलेल्या मातीतून किडे वेचत चालतात. कोतवाल बैलाच्या पाठीवर बसतो, हवेतल्या हवेत किडा धरतो आणि पुन्हा पाठीवर येऊन बसतो. वखर हाणणारा माणूस दोन हातांवरून जातो, बैलावर ओरडतो, तरी ही मंडळी फार तर थोडी बाजूला सरतात. तोच माणूस बैल सोडून, हात मोकळे करून, नीट पाखराकडं तोंड करून चार पावलं चालला की वावर रिकामं. माणूस कामात आहे की आपल्यावर डोळा ठेवून आहे, हे पाखराला लगेच कळतं. कुणब्याच्या पोराला हे कोणी शिकवत नाही. वखरामागं चालता चालता ते त्याला आपोआप समजतं.

रानातल्या पाखरांचे फोटो काढणाऱ्यांना मात्र ही गोष्ट शिकायला फार वर्षं लागली. त्यांचा इतिहास मी जमेल तसा वाचला. मी दहावीपर्यंत शिकलेला माणूस. तालुक्याच्या वाचनालयातली पुस्तकं, जुनी मासिकं, दिवाळी अंक आणि आता नातवाच्या मोबाइलवर दिसेल ते, एवढीच माझी शाळा. पण वाचताना सारखं वाटायचं, हा इतिहास शहरातल्या कॅमेऱ्यांचा जेवढा आहे तेवढाच आपल्या बैलांचा, गाडीवाटांचा आणि पडीक रानांचा आहे. म्हणून तो आपल्या बाजूनं सांगावा म्हणतो.

आधी बंदूक होती, कॅमेरा मागून आला. इंग्रजांच्या अमदानीत पाखराची ओळख पटवायची म्हणजे ते पाडायचं, असाच रिवाज होता. पाडलेल्या पाखराचं कातडं पिसांसकट सोलायचं, किडा लागू नये म्हणून आतून सोमल चोळायचा, कापूस भरायचा, टाके घालायचे आणि पायाला चिठ्ठी बांधायची. चिठ्ठीवर कुठं मारलं, कधी मारलं, कोणी मारलं ते लिहायचं. अशी कातडी पेट्यांत भरून मुंबईला, कलकत्त्याला, लंडनला जायची आणि त्यावरून पुस्तकं लिहिली जायची. ॲलन ह्यूम यांचं नाव आपण शाळेत काँग्रेसच्या स्थापनेच्या धड्यात पाठ केलं. ते पाखरांचे फार मोठे अभ्यासक होते आणि त्यांच्याकडं अशा कातड्यांचा हजारांनी साठा होता, हे मात्र त्या धड्यात नव्हतं.

या लोकांना नावं ठेवायची माझी इच्छा नाही. त्या काळी दुसरा उपाय नव्हता. आपले सलीम अलीसुद्धा त्याच वाटेनं आले. त्यांनी लहानपणी छऱ्याच्या बंदुकीनं एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कोणती चिमणी, हे विचारायला ते मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले. ही संस्था १८८३ मध्ये सुरू झालेली. तिथले चिटणीस मिलार्ड साहेब यांनी त्या पोराला हाकलून न देता कातड्यांनी भरलेले कप्पे उघडून दाखवले. पुढं १९४१ मध्ये सलीम अलींचं भारतीय पक्ष्यांवरचं प्रसिद्ध पुस्तक निघालं. त्यातली ओळख पटवणारी रंगीत पानंसुद्धा चितारलेली होती. रानातल्या जित्या पाखराचा स्वच्छ रंगीत फोटो ही तेव्हा सोपी गोष्ट नव्हती.

फोटो काढायचे प्रयत्न मात्र त्याच्या किती तरी आधी सुरू झाले होते. इंग्लंडात यॉर्कशायर नावाचा मेंढ्यांचा, डोंगराळ मुलूख आहे. तिथले रिचर्ड आणि चेरी कीर्टन हे दोघं भाऊ. एप्रिल १८९२ मध्ये चेरीनं एका पाखराच्या घरट्याचा, आतल्या अंड्यांसकट फोटो काढला. १८९५ मध्ये या दोघांचं पाखरांच्या घरट्यांवरचं पुस्तक आलं आणि त्यात सगळे प्रत्यक्ष रानातले फोटो होते. त्या वेळी कॅमेरा म्हणजे लाकडी पेटी, आत काचेची पाटी, खाली तिकाटणं. भिंगं आजच्यासारखी लांबचं ओढणारी नव्हती. पाखराच्या अगदी जवळ गेल्याशिवाय फोटोत ठिपक्यापलीकडं काही येत नव्हतं. आणि जवळ गेलं की पाखरू उडत होतं.

यावर या भावांनी जे केलं ते वाचून मी वाचनालयात एकटाच हसलो. त्यांनी १९०० च्या सुमारास एक खोटा बैल करून घेतला. बैलाचं खरं कातडं, आत हलका सांगाडा, मधे पोकळी. आत कॅमेरा घेऊन माणूस उभा राहायचा आणि बैलाच्या छातीच्या भोकातून फोटो घ्यायचा. पाखरं बैलाला भीत नाहीत, हे मेंढ्या-गुरांच्या मुलखातल्या त्या पोरांना ठाऊक होतं. एकदा तो बैल आतल्या माणसासकट उलथला. चारी पाय आभाळाकडं, आणि माणूस आत अडकलेला. भावानं त्याला बाहेर काढायच्या आधी त्या उलथ्या बैलाचा फोटो काढून घेतला म्हणतात. फोटोवाल्यांचा हा गुण तेव्हापासूनचा आहे.

आपल्याकडं खोटा बैल करायची गरज नव्हती. इथं खरे होते. दख्खनच्या माळावर काळवीट आणि माळढोक मारणारे शिकारी फार पूर्वीपासून बैलगाडी वापरत. माळढोक सावध पाखरू. उंच मान, लांबची नजर आणि सभोवती सपाट माळ. पायी माणूस दिसला की ते दूर निघून जातं. पण गाडीवाटेनं कुरकुरत जाणारी बैलगाडी ते रोज पाहतं. म्हणून शिकारी गाडीत आडवा व्हायचा, गाडीवान गाडी सरळ अंगावर न घालता लांबून वळसा घ्यायचा, आणि एकेका फेरीत वळसा लहान करत आणायचा. पाखराला वाटायचं, गाडी आपल्या वाटेनं चालली आहे. शेतकऱ्याच्या गाडीवर पाखराचा जो विश्वास होता, त्याचा असा उपयोग झाला. साहेबाच्या पुस्तकात बंदुकीचं नाव, मेकर, गोळीचा आकार सगळं असतं. गाडीवान मात्र ‘गाडीवान’ एवढाच असतो.

बंदूक जाऊन कॅमेरा येताना अशीच माणसं आणि अशाच युक्त्या पुढं कामाला आल्या. सलीम अलींचे एक मित्र होते, लोक वान थो. सिंगापूरचे, सिनेमा थिएटरांचे मालक, गडगंज श्रीमंत. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांमुळं सिंगापूर सोडावं लागलं, वाटेत जहाज बुडालं, त्यातून वाचून ते हिंदुस्थानात आले. इथं सलीम अलींची गाठ पडली आणि पाखरांच्या फोटोंचा नाद पक्का झाला. कच्छ, काश्मीर, सिक्कीम अशा ठिकाणी ते सलीम अलींबरोबर हिंडले. १९५७ मध्ये त्यांचं पाखरांच्या फोटोंचं पुस्तक आलं. १९६४ मध्ये तैवानमध्ये विमान पडून ते गेले.

त्या काळचे फोटो पाहिले तर बहुतेक घरट्यावरचे दिसतील. त्याला कारण आहे. पाखरू रानात कुठं बसेल याचा नेम नाही, पण घरट्यावर ते परत येणारच. म्हणून घरट्यापासून लांब एक लपण उभं करायचं, कापडाचं किंवा गवत-फांद्यांचं. रोज ते थोडं थोडं पुढं सरकवायचं. पाखराला सवय झाली म्हणजे मग आत जाऊन बसायचं. नीट करणारा माणूस यात आठ-आठ दिवस घालवायचा आणि पाखरू बिथरलं तर लपण मागं घ्यायचा. घाई करणाऱ्याच्या हाती फोटो यायचा, पण घरटं मोडायचं. भिंगाची ताकद कमी, म्हणून घरट्याशी जावं लागत होतं. हे लक्षात ठेवावं, कारण पुढं भिंगाची ताकद वाढली तरी लोकांचं घरट्याशी जाणं काही थांबलं नाही.

मग आलं १९७२ साल. आमच्याकडं बहात्तर म्हटलं की दुष्काळ. मी तेव्हा दहा-अकरा वर्षांचा. खडी फोडायची कामं, सुकडी, लाल मिलो ज्वारी, हे आम्हाला आठवतं. त्याच वर्षी दिल्लीत वन्यजीव संरक्षण कायदा झाला, हे आमच्या गावात कोणाला कळलं असेल असं वाटत नाही. या कायद्यानं शिकारीला आळा घातला. अभयारण्यात जायचा परवाना कोणत्या कामासाठी मिळेल, याची जी यादी कायद्यात आहे, तिच्यात फोटो काढणं हे काम नाव घेऊन घातलेलं आहे. बंदुकीनं खाली केलेली जागा कॅमेऱ्याला मिळाली, असं म्हणायला हरकत नाही.

त्याच दशकात सोलापूरकडं नान्नजच्या माळावर माळढोक आहेत, हे बी. एस. कुलकर्णी यांच्यासारख्या पक्षीमित्रांनी लोकांपुढं आणलं. १९७९ मध्ये तिथं माळढोकासाठी अभयारण्य झालं. ज्याला माळ, पडीक, कुचकामी म्हणून कागदावर मांडलं जात होतं, त्या जमिनीवर एवढं मोठं पाखरू नाचतं, हे लोकांना फोटोंनी दाखवलं. सांगून ते पटलं नसतं. आज नान्नजला एखादा माळढोक दिसला तरी बातमी होते. साऱ्या देशात मिळून दीडशेच्या आसपास उरले असतील असा अंदाज आहे. फोटो मात्र भरपूर आहेत.

आता माझ्या डोळ्यांसमोरची गोष्ट सांगतो. १९९१-९२ चा हिवाळा असावा. शहरातून एक पाहुणे आले होते. खांद्यावर पेटी, हातात लांब भिंग. त्यांना धाविक पाहिजे होता. धाविक म्हणजे उजाड रानात तुरुतुरु पळणारं, तांबूस छातीचं, डोळ्यावर पांढरी पट्टी असलेलं पाखरू. आमच्या गावच्या ई-क्लासात तो असायचा. विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, ई-क्लास म्हणजे गावाची सरकारी पडीक, गुरं चरायची जमीन. पाहुणे दोन दिवस त्यात पायी हिंडले. धाविक पन्नास पावलं पळायचा, थांबायचा, मान वर करायचा, परत पळायचा. तिसऱ्या दिवशी ते आमच्या ओट्यावर येऊन बसले.

आमचे वडील, त्यांना आम्ही दादा म्हणायचो, ते म्हणाले, “साहेब, पायी जाल तं तो दिवसभर तुम्हाले पळवीन. गाडीत बसा.”

“गाडी बरोबर त्याच्याजवळ थांबवाल ना?”

“थांबवायची नाही. चालती गाडी त्याच्या वळखीची हाय. आपण थांबवली का त्याले संशय येते. बैल थांबले तं मात्र चालते.”

पाहुण्यांना ते उमगलं नाही. दादांनी गाडी जुंपली. सरकीचं अर्धं पोतं गाडीच्या कडेवर टाकलं आणि भिंग त्यावर टेकवायला सांगितलं. गाडी माळावरून तिरकी तिरकी नेली. धाविक दिसला तेव्हा दादांनी त्याच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. कासरा ढिला सोडला. बैलांनी गवतात तोंड घातलं आणि गाडी आपसूक उभी राहिली. धाविक किडे टिपत गाडीच्याच दिशेनं आला. रिळात छत्तीस फोटो यायचे. पाहुण्यांनी मोजून सात काढले. मग दादांनी बैलांना हळूच डोचलं आणि गाडी पुढं निघाली. धाविक तिथंच चरत राहिला.

दोन महिन्यांनी टपालानं एक फोटो आला. सोबत चार ओळींचं पत्र. दादांनी फोटो हातात घेऊन बराच वेळ पाहिला. ते पाखराविषयी काही बोलले नाहीत. म्हणाले, “ही मागं बोरीची जाळी दिसते ना, तिथं आपली तांबडी व्याली होती.”

तो फोटो आमच्या घरात अजून आहे. ती बोरीची जाळी नाही. त्या ई-क्लासात पुढं वहिती झाली, थोड्या भागात झाडं लावायचे खड्डे झाले, काही भागातून मुरूम गेला. कागदावर त्या जमिनीचं वर्णन पूर्वीही पडीक होतं. तिथं गवत किती होतं, जाळ्या कुठं होत्या, धाविक कुठं चरायचा, याचा पुरावा आमच्या गावात त्या एका फोटोपलीकडं नाही. फोटो पाखराचा म्हणून काढला, पण त्यात पाखराचं गाव आलं होतं.

पाखराचं गाव हे किती मोलाचं असतं, हे रानपिंगळ्याच्या गोष्टीवरून कळतं. ही गोष्ट आमच्या शेजारची आहे. आमच्या जिल्ह्याच्या उत्तरेला सातपुडा. संग्रामपूर तालुक्यातलं अंबाबरवा अभयारण्य मेळघाटच्या व्याघ्र प्रकल्पाला जोडलेलं आहे. त्या सातपुड्यात रानपिंगळा असतो. गावातल्या निंबावर बसतो तो साधा पिंगळा वेगळा. रानपिंगळ्याच्या डोक्यावर ठिपके कमी, पोट पांढरंशुभ्र, पाय दणकट, आणि तो दिवसाउजेडी शिकार करतो. ह्यूम यांनी १८७३ मध्ये त्याचं पहिलं वर्णन लिहिलं. त्यानंतर सारी मिळून सात कातडी जगभरच्या संग्रहालयांत जमा झाली. १८८४ नंतर खरंखुरं एकही नाही. जित्या रानपिंगळ्याचा खात्रीचा फोटो तर कोणाकडंच नव्हता. लोक म्हणू लागले, संपला.

या सातांतल्या एका कातड्याच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, १९१४, मांडवी, गुजरात. ते कातडं मायनर्ट्‌झहागेन नावाच्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याचं. मोठं नाव, मोठा संग्रह. त्या चिठ्ठीवर विसंबून लोकांनी रानपिंगळा भलत्या जागी शोधला. पुढं पामेला रासमुसेन या अमेरिकी अभ्यासक बाईंनी आणि त्यांच्या सोबत्यांनी कातड्यांची बारकाईनं तपासणी केली. तेव्हा निघालं असं, की हे कातडं मुळात जेम्स डेव्हिडसन यांनी १८८४ मध्ये खानदेशात मिळवलेलं. मायनर्ट्‌झहागेननं ते संग्रहालयातून चोरलं, पुन्हा टाके घातले आणि आपली खोटी चिठ्ठी बांधली. दुसऱ्याच्या वावरातलं कणीस कापून आपल्या खळ्यात टाकावं तसं. पण कणीस चोरीला गेलं तर एका घरचं नुकसान होतं. इथं पाखराचं गावच चोरीला गेलं होतं.

खोटी चिठ्ठी बाजूला काढल्यावर शोधायची जागा बदलली. रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबॉट ही तिघं जुन्या खऱ्या चिठ्ठ्यांवरच्या जागा पाहत निघाली. २५ नोव्हेंबर १९९७ च्या सकाळी शहाद्याजवळच्या टेकड्यांत, आपल्या महाराष्ट्रात, एका उघड्या झाडावर रानपिंगळा बसलेला दिसला. ११३ वर्षांनी. त्यांनी त्याचे फोटो काढले, व्हिडिओ केला. त्यावरून ओळख पटली, बंदूक लागली नाही. पाखरू उडून आपल्या कामाला गेलं. मग इतर अभ्यासकांनी शोध घेतला तेव्हा तोरणमाळ, मेळघाट अशा ठिकाणी तो सापडला. २०१४ मध्ये तर मुंबईच्या जवळ, तानसा अभयारण्यात दिसला.

ह्यूमच्या काळातली खात्री आणि शहाद्याची खात्री यांत एका जिवाचा फरक आहे. १८७३ ला खात्री पटली तेव्हा एक रानपिंगळा कमी झाला होता. १९९७ ला पटली तेव्हा एकही कमी झाला नाही. कॅमेऱ्यानं केलेलं मोठं काम कोणतं, असं मला कोणी विचारलं तर मी हे सांगतो.

आता रिळाचे दिवस गेले. छत्तीसचा हिशोब गेला. एका दमात शंभर फोटो निघतात, खर्च काही नाही. भिंगं लांबची ओढतात. गाडीवाट राहिली नाही, बैलजोड्या कमी झाल्या. फोटोवाले आता चारचाकीत बसून खिडकीतून फोटो काढतात आणि पाखरं मोटारीलाही तशी भीत नाहीत, दार उघडून माणूस उतरेपर्यंत. युक्ती तीच, फक्त बैलाच्या जागी मोटार.

आमच्या जिल्ह्यातलं लोणार सगळ्यांना माहीत आहे. उल्केच्या धडकेनं झालेलं खोलगट सरोवर, खारं पाणी, काठाला झाडी, झाडीत मोर. जून २०२० मध्ये त्याचं पाणी गुलाबी झालं आणि ते फोटो जगभर गेले. खारट पाण्यातल्या सूक्ष्म जीवांमुळं तसं झालं, असं तपासात निघालं. त्याच वर्षी नोव्हेंबरात लोणार रामसर यादीत गेलं, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत. तिथल्या नोंदीत पाखरांच्या १६० जाती धरल्या आहेत. कांडेसर करकोचा आणि छोटी लालसरी यांची नावं त्यात खास घेतली आहेत, कारण ही पाखरं कमी होत चालली आहेत. पाणकाठच्या पाखरांचे फोटो घ्यायला आता शनिवार-रविवारी पोरं येतात. त्यातली बरीच पोरं चांगली आहेत. सकाळी सूर्य पाठीशी घेऊन बसतात, तास तास हलत नाहीत. त्यांना पाखरांची मराठी नावंही येतात. ही नावं रुजवण्यात मारुती चितमपल्लींचा वाटा मोठा आहे. त्यांच्या लिहिण्यात नवेगाव बांधचे माधवराव पाटील वारंवार भेटतात. खेड्यातल्या जाणत्या माणसाचं नाव पुस्तकात आदरानं यावं, हे मला त्यातलं सगळ्यात आवडतं.

पण सगळेच तसे नसतात. काही वर्षांपूर्वी आमच्या विहिरीजवळच्या लिंबोणीत बुलबुलानं घरटं केलं. दोन जण फोटो काढायला आले. उजेड आत पडत नव्हता म्हणून त्यांनी भोवतालच्या फांद्या कातरल्या. मी संध्याकाळी गेलो तेव्हा घरटं ओट्यावर ठेवलेल्या ताटलीसारखं उघडं पडलेलं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कावळ्यांनी पिल्लं नेली. त्या माणसांनी काढलेला फोटो फार सुंदर होता, असं ज्यानं पाहिला तो सांगत होता. चोची उघडलेली तीन पिल्लं आणि वर माय. तो पाहणाऱ्याला पुढचा दिवस कुठून दिसणार?

१९७२ च्या ज्या कायद्यात फोटो काढायला परवाना आहे, त्याच कायद्यात शिकार या शब्दाचा अर्थ दिला आहे. मारणं, धरणं, फास लावणं हे तर आहेच. त्याबरोबर पाखरांची अंडी फोडणं, अंड्यांना किंवा घरट्याला त्रास देणं, हेही त्याच अर्थात घातलं आहे. म्हणजे संरक्षण असलेल्या पाखराच्या घरट्याशी छेडछाड करणारा माणूस कायद्याच्या दृष्टीनं शिकारी ठरतो, मग त्याच्या हातात काही का असेना. पन्नास वर्षांपूर्वी ज्यांनी हे लिहिलं, त्यांना पुढचं दिसत असलं पाहिजे.

टिटवीचं पाहा. ती घरटं बांधत नाही. उघड्या वावरात, खड्यांत चार अंडी घालते. तिनं अंडी उंचावर घातली तर पाऊस चांगला, असा आमच्याकडं समज आहे, आणि उन्हाळवाही करताना अंडी दिसली तर वखर वळवून घ्यायचा, तेवढा तुकडा सोडायचा, असा रिवाज आहे. चैत-वैशाखात टिटवी अंड्यांवर बसते ती ऊब द्यायला नव्हे. आमच्याकडचं ऊन अंडी उकडून काढील असं असतं. ती सावली धरते, पाण्यावर जाऊन पोटाची पिसं भिजवून आणते आणि अंडी गार ठेवते. भर दुपारी कोणी कॅमेरा घेऊन तिथं पाव तास उभा राहिला, तर टिटवी डोक्यावर ओरडत फिरते आणि खाली अंडी भाजतात. त्या माणसानं अंड्यांना बोटही लावलेलं नसतं.

माझा नातू बारावीला आहे. गेल्या उन्हाळ्यात तुरीच्या वावरात त्याला टिटवीची अंडी दिसली. त्यानं मोबाइल काढला. मी म्हटलं, “पाहून घेतले ना? आता चाल तिकडं, धुऱ्यावर.”

“आबा, एकच काढतो. काहून?”

“धुऱ्यावरून काढ. ती येऊन बसली का मंग काढ.”

आम्ही बाभळीच्या सावलीत बसलो. वीस मिनिटांनी टिटवी चालत चालत आली, थांबली, इकडंतिकडं पाहिलं, पिसं फुलवून अंड्यांवर उभी राहिली. नातवानं फोटो काढला. मोबाइलच तो, पाखरू बोटाच्या नखाएवढं आलं. पण भोवती सारं वावर आलं, वखरानं घेतलेला वळसा आला, मधे सोडलेला तुकडा आला. त्याला तो फोटो काही खास वाटला नाही. मी त्याच्याकडून कागदावर छापून आणवला आणि दादांच्या धाविकाशेजारी भिंतीला लावला.

अकोला-वाशीमकडं फासेपारधी समाजातली काही माणसं तणमोराची राखण करतात. पावसाळ्यात तणमोराचा नर गवतातून उंच उड्या मारतो. पूर्वी त्या उडीवरून त्याला हेरून मारत, आता त्याच उडीचा फोटो घ्यायला लोक धडपडतात. ज्यांच्या बापजाद्यांनी फास लावले, त्यांच्या पोरांना तणमोर कोणत्या गवतात असतो ते माहीत आहे, आणि ते परक्या माणसाला कोणाकोणाला सांगायचं नाही, हेही त्यांना कळतं. त्यांच्याकडून हे फोटोवाल्यांनी शिकावं. दुर्मीळ पाखराची नेमकी जागा मोबाइलवर टाकली की आठ दिवसांत तिथं गाड्यांची रांग लागते.

फोटो काढायला माझी ना नाही. बंदुकीपेक्षा हा मार्ग कितीतरी बरा, हे रानपिंगळ्यानं दाखवून दिलं. आमच्या वावरात कोणी आलं तर मी अजूनही चहा पाजतो आणि पाखरू कुठं बसतं ते दाखवतो. बैलजोडी आता नाही, गाडी गोठ्यामागं पडून आहे. मी एवढंच विचारतो की फोटो काढून झाल्यावर पाखरू काय करत होतं. जो म्हणतो, “चरत होतं,” त्याला मी पुढच्या वर्षी परत बोलावतो.